पाण्याखालचे माहेर

समुद्रकाठच्या गावांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. माडांच्या वाड्या, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, ओहोटीला उघडी पडणारी पुळण हे सारे मराठी वाचकाला आता घरच्यासारखे झाले आहे. आमच्या भोरला समुद्र नाही. पण किनारा आहे, आणि त्याला भरती-ओहोटीही आहे. फरक इतकाच, की ती दिवसातून दोनदा येत नाही. वर्षातून एकदाच येते. श्रावणात पाणी चढते, वैशाखात उतरते. त्या उतरलेल्या पाण्यातून माझ्या आजीचे माहेर वर येत असे.

तसे पाहिले तर समुद्राशी आमचे नाते जुनेच. कड्याच्या पलीकडे कोकण. वरंधा घाटाने महाडला उतरावे, नाहीतर वेल्ह्याकडून केळदवरून मढे घाटाने. तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० साली याच मढे घाटाने उमरठला नेला, असे त्या भागातली माणसे सांगतात. या वाटांनी मीठ, नारळ, सुके बोंबील वर येत आणि घाटावरचे धान्य खाली जाई. भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात कोकणातला सुधागड तालुकाही होता. म्हणजे पालीचा बल्लाळेश्वरही एका अर्थी आमचाच! नसरापूरच्या बनेश्वराला गेलात तर तिथली घंटा जरूर पाहा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या स्वारीतली ती घंटा, असे म्हणतात. दर्यावर वाजायची ती शंकरापुढे वाजते आहे.

राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले, त्यांच्या घराण्याने भोरला राज्य केले आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. एवढा इतिहास शाळेतल्या पोरालाही पाठ असे. आम्हाला त्याहून जवळचा होता तो राजवाडा. १८६९ सालचा, चौकांचा, लाकडी खांबांचा. हल्ली लोक तो सिनेमात पाहतात. आम्हाला तो आठवतो रामनवमीचा. कीर्तन ऐकायला आसपासच्या खेड्यांतून माणसे पायी येत, भाकरी बांधून आणत आणि नीरेच्या घाटावर बसून खात. कीर्तनकाराच्या पूर्वरंगात आम्ही पोरे झोपत असू आणि उत्तररंगाला कोणीतरी कोपर मारून उठवी.

खेड्यांतली घरे मात्र वाड्यासारखी नव्हेत. वेळवंडीच्या खोऱ्यात काय किंवा तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात काय, पाऊस असा कोसळतो की घर आधी त्याच्यासाठी बांधायचे, मग माणसांसाठी. उतरते छप्पर, कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, गुरांचा गोठा घराच्या पोटातच. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई. दारातून पाहिले की खाली नदी. त्या नदीनेच पुढे दगा दिला, असे म्हणवत नाही. नदीचा काय दोष?

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. नीरेच्या खालच्या अंगाला कालवे काढायचे ठरले आणि त्यांना पाणी पुरवण्यासाठी भाटघरला वेळवंडीवर पहिले धरण झाले. ते अपुरे पडले म्हणून नवे, कितीतरी मोठे दगडी धरण बांधले. ते १९२८ साली पुरे झाले. नाव लॉइड धरण. साडेतेवीस टीएमसीच्या घरात पाणी साठते. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे आणि ते यथायोग्यच आहे, कारण त्यांचे भुतोंडे गाव याच खोऱ्यातले.

धरणाची उंची, लांबी, भिजणारे एकर हे सारे कागदोपत्री मिळते. मला मात्र जे ठाऊक आहे ते आजीकडून. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची. घराचे खांब, तुळया आणि जाते घेऊन माणसे डोंगराच्या अंगाला वर सरकली. जात्याची वरची तळी नेली, खालची जड म्हणून राहिली. तिच्या आईने जाताना चूल मोडली नाही, सारवून ठेवली.

कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ असेच पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी हटले की ते उघडे पडते. पांडवांनी एका रात्रीत बांधले म्हणतात. (पांडवांना महाराष्ट्रात झोप म्हणून मिळालेली दिसत नाही!) मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजी मला नावेने तिकडे घेऊन गेली. दर्शन झाल्यावर भेगाळलेल्या गाळातून आम्ही तिच्या माहेरच्या जागेकडे चालत गेलो. ती सांगत होती, "हा आड. ही ओटी. इथं तुळस."

मी विचारले, "आजी, तुला राग नाही का गं येत?"

"कुणावर धरू?" ती म्हणाली. "आमचं भात बुडालं तेव्हा बारामती-फलटणचा ऊस उभा राहिला. दिवाळीला करंजीत साखर घालतोस ना, तेव्हा आठवण ठेव म्हणजे झालं."

पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्याच्या हालांवर पानेच्या पाने लिहिली गेली, आणि ती लिहायलाच हवी होती. पण ते धरण वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या कोणाकोणाच्या ओट्यांवर उभे होते, हे फारसे कोणी विचारले नाही. मग हिर्डोशीच्या अंगाला नीरा-देवघर झाले. तिथेही तेच.

गेल्या वैशाखात नातीला घेऊन गेलो. आजी जाऊनही आता बरीच वर्षे झाली. नातीने विचारले, "आजोबा, आड कुठे?" मी बोट दाखवले, पण खरे सांगायचे तर मला खात्री नव्हती, गाळाने सारे सपाट केले आहे. तिला मात्र दगडांत जात्याच्या तळीचा एक तुकडा सापडला. तो आमच्याच घरातला कशावरून, असे मी म्हटले. तिने ऐकले नाही. ओढणीत गुंडाळून तो पुण्याला आणला. सध्या तो तुळशीच्या कुंडीखाली आहे. कुंडी एका बाजूला कलत होती, ती आता सरळ बसली आहे.