चंचुपात्रातून कारखान्यापर्यंत

प्रयोगशाळेतील चंचुपात्रात सुरळीत पार पडणारी अभिक्रिया कारखान्यातही तशीच होईल, याची खात्री नसते. पात्राची लांबी, रुंदी व उंची दहापट केली, तर आतील द्रवाचे आकारमान हजारपट होते. उष्णता बाहेर जाण्यासाठी उपलब्ध असलेला पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. उष्णता आत साचत गेली की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि प्रसंगी स्फोटही होतो. म्हणूनच रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यापीठीय संशोधनात प्रमाणवाढीच्या या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान आहे.

मुंबईत माटुंगा येथील संस्था हे याचे ठळक उदाहरण. मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून १९३३ साली सुरू झालेली ही संस्था 'यूडीसीटी' या नावाने ओळखली गेली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व 'इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' हे नाव रूढ झाले. केंब्रिजमध्ये पीटर डँकवर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून प्रा. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये येथे अध्यापनास आले. वायू द्रवात विरघळताना होणारी अभिक्रिया हा त्यांचा विषय. वायूचे असंख्य बुडबुडे द्रवाला नेमका किती पृष्ठभाग देतात, हे डोळ्यांनी मोजणे अशक्यच. तेव्हा जिचा वेग आधीच ठाऊक आहे अशी अभिक्रिया पात्रात घडवायची, किती वायू शोषला गेला ते पाहायचे आणि त्यावरून पृष्ठभाग काढायचा! रसायनालाच मोजपट्टी बनविणाऱ्या या पद्धतीचा उपयोग मोठ्या पात्रांच्या आराखड्यात होतो. १९९० मध्ये प्रा. शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मटेरियल सायन्सशी या शाखेची गाठ पडते ती उत्प्रेरकांमध्ये. सुगंधी द्रव्ये व औषधांच्या निर्मितीत ॲल्युमिनियम क्लोराइड मोठ्या प्रमाणात लागते. शेवटी ते पाण्यात घालून नष्ट करावे लागते आणि आम्लयुक्त सांडपाणी उरते. त्याऐवजी गाळून पुन्हा वापरता येणारे घन आम्ल शोधण्याचे काम प्रा. गणपती यादव यांनी केले. त्यांच्या उत्प्रेरकांना संस्थेच्या जुन्या नावावरून 'यूडीकॅट' हे नाव मिळाले. प्रा. अनिरुद्ध पंडित यांचा विषय होता कॅव्हिटेशन. पंपाची पाती कुरतडणाऱ्या, फुटत्या बुडबुड्यांची हीच शक्ती पाणी शुद्ध करण्यासाठी वापरता येते.

शेतातील काडीकचऱ्यापासून इथेनॉल तयार करण्याचे येथील तंत्र २०१६ मध्ये उत्तराखंडमधील काशीपूरच्या प्रात्यक्षिक प्रकल्पात उतरले. त्याची क्षमता दिवसाला १० टन काडीकचऱ्याची. येथे अडचणी निराळ्या. पेंढ्याचा ओलावा गाडीगणिक बदलतो, त्यातील माती आणि सिलिका यंत्रे झिजवतात. चंचुपात्रात घातलेला पेंढा मात्र निवडून, धुऊन, वाळवून घेतलेला असतो.