पुढारी प्राध्यापक, मरणारे शेतकरी

थोडं लांब लिहितोय, पण हा विषय दोन ओळींत मावणारा नाही.

कुठे स्फोट झाला, गोळीबार झाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. "गरिबीमुळे होतं हे सगळं" आणि "शिक्षण नाही ना त्यांच्यात." बंदूक घेऊन पळणाऱ्या पोराबद्दल यात थोडंफार तथ्य असेलही. पण त्याच्या हातात ती बंदूक देणाऱ्याचं चरित्र काढून बघा. तिथे भलताच माणूस भेटतो.

पेरू देशातल्या 'शायनिंग पाथ'चा संस्थापक अबिमाएल गुझमान घ्या. जन्म 1934. सुखवस्तू व्यापाऱ्याचा अनौरस मुलगा. शिक्षण चांगल्या खासगी शाळेत, मग तत्त्वज्ञान आणि कायदा. प्रबंधाचा विषय काय, तर कांटची अवकाशाची संकल्पना! 1962 मध्ये तो आयाकुचो या डोंगराळ, गरीब भागातल्या विद्यापीठात शिकवायला गेला. हे विद्यापीठ कित्येक दशकं बंद राहून 1959 मध्ये पुन्हा सुरू झालं होतं. वर्गात बसलेली बरीच मुलं केचुआ बोलणाऱ्या शेतकऱ्यांची, घरातली पहिलीच शिकणारी पिढी. गावाला परत जावंसं वाटत नाही आणि शहर जवळ करत नाही, अशा अवस्थेतली. त्यांना एक माणूस भेटला, ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं पक्कं उत्तर होतं. त्यातली काही शिक्षक होऊन खेड्यांत गेली आणि पक्षही सोबत घेऊन गेली. मास्तरांचा शब्द प्रमाण मानणाऱ्या गावात याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच विद्यापीठात शिकवलेले मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस इव्हान देग्रेगोरी यांनी यावर फार चांगलं लिहिलंय. त्या मुलांना निश्चितता हवी होती, असं त्यांच्या मांडणीचं सार. मला ते पटतं. भूक माणसाला दंगलीपर्यंत नेते. वर्षानुवर्षं शिस्तीत माणसं मारायला सिद्धान्त लागतो, आणि तो रचायला फुरसत असलेला माणूस.

पोल पॉटही खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरातला. नात्यातल्या बायका राजवाड्यात. 1949 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, परीक्षेत नापास होऊन परत आला आणि नोम पेन्हच्या खासगी कॉलेजात शिकवू लागला. विद्यार्थ्यांच्या आठवणीत तो मृदू बोलणारा सर होता. पुढे त्याच्याच राजवटीत शिक्षकांना वेचून मारलं गेलं. आयमान अल-जवाहिरी तर कैरोच्या मादी या चांगल्या वस्तीतला सर्जन. वडील औषधशास्त्राचे प्राध्यापक, आईचे वडील कैरो विद्यापीठाचे प्रमुख राहिलेले.

आता कुणी म्हणेल, प्रभाकरनने तर शाळाच सोडली होती. बरोबर, पण तोही सरकारी नोकराचाच मुलगा. आणि उलटं गणितही मांडू नका, की शिकलेला म्हणजे संशयित. लाखो डॉक्टर-प्राध्यापक आपापलं काम करून घरी जातात. माझं म्हणणं एवढंच, की या नेत्यांमध्ये सगळ्यात खाली चिरडलेला माणूस क्वचितच सापडतो. सापडतो तो बरा शिकलेला, स्वतःला मोठ्या कामासाठी जन्मलेला समजणारा आणि मिळालेली जागा तोकडी वाटणारा.

17 मे 1980 ला, 12 वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर होणाऱ्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी, गुझमानच्या लोकांनी चुस्ची गावात मतपेट्या जाळल्या. 3 एप्रिल 1983 ला लुकानामार्का भागात लहान मुलांसकट 69 गावकरी मारले. का? तर त्यांनी संघटनेविरुद्ध उठण्याची हिंमत केली. हा वरून आलेला निर्णय होता, असं गुझमानने पुढे मुलाखतीत मान्य केलं.

तो स्वतः सापडला 12 सप्टेंबर 1992 ला, राजधानी लिमात, खाली नृत्यवर्ग चालणाऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर. पोलिसांना माग लागला तो कचऱ्यातून, त्यात त्याच्या त्वचारोगाच्या औषधाच्या ट्यूब होत्या. वर्षभरात या न झुकणाऱ्या क्रांतिकारकाने तुरुंगातून सरकारला शांततेच्या बोलणीसाठी पत्र लिहिलं. 2021 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, तो आजारपणात गेला.

पेरूच्या सत्यशोधन आयोगाने 2003 मध्ये त्या संघर्षातल्या मृतांचा आणि बेपत्तांचा अंदाज सुमारे 69,000 दिला. निम्म्याहून जास्त मृत्यूंची जबाबदारी शायनिंग पाथवर टाकली. लष्कर-पोलिसांचे हातही काही स्वच्छ नव्हते. मेलेल्या दर चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तिथली दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. गुझमान वाढला तो स्पॅनिशमध्ये.