सुरत, बनारस आणि गणिताचा एक अध्यापक

सुरतेचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा तीन निमित्तांनी. शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या दोन स्वाऱ्या आणि १९०७ ची दुभंगलेली काँग्रेस, ही ती तीन निमित्ते होत. मराठी माणूस सुरतेस जातो तो लुटण्यासाठी, नाही तर भांडण्यासाठी, असे कोणी थट्टेने म्हटलेच तर त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. तथापि सुरत आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये आणखी एक वाट होती. ती शाळेच्या दारातून जात होती, आणि तिच्यावरून गणित आले व गेले. आपल्या वाङ्मयेतिहासात या वाटेची नोंद फारशी नाही, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या वाटेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सापडतो. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीसाठी जॉर्ज जर्विस हा इंजिनिअर अधिकारी त्या वेळी हटनच्या इंग्रजी गणिताची देशी भाषांतरे करवून घेत होता. एकाच ग्रंथावरून मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत पुस्तके सिद्ध झाली आणि ती शिकविणारे अध्यापक मुंबईतच तयार करण्यात आले. दुर्गाराम मेहताजी (१८०९-१८७६) हे सुरतेचे नागर गृहस्थ वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईस येऊन हे शिक्षण घेऊन गेले व १८२६ च्या सुमारास सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेत रुजू झाले. पुढे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेस शिक्षक म्हणून गेले आणि या दोघांनी इतर स्नेह्यांसह १८४४ साली मानवधर्म सभा काढली. सभेचा इतिहास सुधारकांच्या चरित्रांत येतो. तिचे प्रमुख पुरुष शाळामास्तर होते आणि त्या मास्तरकीच्या मुळाशी भाषांतरित गणिताची एक पोथी होती, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्या काळच्या या मंडळींना गणिती म्हणता येणार नाही. त्यांना गणिताचे वाहक म्हणणेच उचित होय. नवे गणित निर्माण करणारा आणि तरीही वर्गात खडू हाती घेऊनच पोट भरणारा पुरुष या वाटेवर दिसण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली. त्याचे नाव प्रल्हाद चुनीलाल वैद्य. यांचा जन्म १९१८ साली सौराष्ट्रात जुनागढजवळच्या शाहपूर येथे झाला. मुंबई विद्यापीठातून त्यांनी उपयोजित गणिताची एम. एस्सी. पदवी घेतली आणि १९४७ पूर्वीच्या वर्षांत सुरत, राजकोट, मुंबई अशा गावी गणित शिकविले. पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांत 'वैद्य-मापिका' या नावाने जगभर ओळखला जाणारा सिद्धान्त याच गृहस्थांचा.

या सिद्धान्ताची जन्मकथा सांगताना आधी एका मराठी माणसाकडे वळावे लागते. विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८-१९९१) हे कोल्हापूरचे. १९२८ साली मुंबईची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, तेथील टायसन पदक व रॅले पारितोषिक त्यांनी मिळविले, आणि १९३२ साली, म्हणजे चोविसाव्या वर्षी, पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांची पदके आपल्या लेखकांनी पुष्कळदा मोजली आहेत. आमच्या मते त्यांचे खरे कार्य निराळे आहे. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेवर काम करणारा संशोधकांचा एक संप्रदाय त्यांनी गंगाकाठी उभा केला, आणि तोही अशा दिवसांत की, युरोपातही त्या विषयाकडे थोडेच लोक वळत होते. के. आर. करमरकर हे त्याच संप्रदायातले. त्यांच्या १९४८ च्या निबंधातील अट आजही त्यांच्या नावाने उद्धृत होते.

१९४२ साली वैद्य या बनारसच्या गुरूकडे गेले. बरोबर पत्नी आणि सहा महिन्यांची कन्या. शिष्यवृत्ती नाही, पगार नाही; गाठीला शिल्लक होती तेवढ्यावर हा संसार तेथे दहा महिने चालला. देशात 'चले जाव'चा वणवा, जगात महायुद्ध आणि बाजारात महागाई, अशा वर्षात हे साहस त्यांनी केले हे लक्षात घेतले म्हणजे त्या दहा महिन्यांची किंमत कळते.

प्रश्न कोणता होता? श्वार्झशिल्डने १९१६ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांचे जे पहिले अचूक उत्तर दिले, त्यात ताऱ्याबाहेरचे अवकाश पूर्ण रिते आणि ताऱ्याचे वस्तुमान कायमचे स्थिर असे गृहीत धरलेले होते. परंतु तारा तर तेजाचा गोळा! आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशरूपाने उधळीत असतो. तो प्रकाश भोवतालच्या अवकाशात भरलेला असतो, त्यालाही ऊर्जा आहे, म्हणून त्यालाही गुरुत्व आहे. अर्थात बाहेरचे अवकाश रिते नव्हे आणि आतले वस्तुमानही स्थिर नव्हे. अशा प्रकाशमान ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र वैद्यांनी काढले व ते बंगलोरच्या 'करंट सायन्स' मासिकात १९४३ साली प्रसिद्ध झाले.

पुढे शिल्लक संपली आणि शिकविणे आले. सुरतेसारख्या शहरातील गणिताच्या अध्यापकाचे आयुष्य त्या काळी कसे असे, याची कल्पना आमच्या वाचकांपैकी जे अध्यापक आहेत त्यांना सहज येईल. १९४९ साली गुजरात विद्यापीठ निघेपर्यंत सुरतेची उच्च शिक्षणाची सारी व्यवस्था मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होती. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचे १९१८ साली निघालेले कॉलेज, जे पुढे मगनलाल ठाकोरदास बाळमुकुंददास यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, तेही मुंबईचाच अभ्यासक्रम शिकवी. बीजगणित, त्रिकोणमिती, शंकुच्छेद, थोडे कलनशास्त्र. दर वर्षी तीच प्रमेये, तीच उदाहरणे, तपासण्यास त्याच चुकांच्या उत्तरपत्रिका. संशोधनाची नियतकालिके पाहावयाची तर सुमारे २६० किलोमीटरांवरची मुंबई गाठावी लागे. अशा ठिकाणी माणसाची बुद्धी गंजते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. वैद्यांच्या बाबतीत वर्गाने वेळ खाल्ला हे निश्चित. परंतु विषय सोपा करून मांडण्याची जी सवय वर्गात लागते, तिचा पुढे उपयोग झाला असावा असा आमचा तर्क आहे.

तर्काला आधार असा. १९४३ चे उत्तर बरोबर होते, पण अवघड रूपात होते. १९४७ साली वैद्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले, १९४८ साली गुजरातेत परतून वल्लभ विद्यानगर येथे शिकवू लागले, १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९५१ साली त्यांनी विषयाची सविस्तर मांडणी केली आणि १९५३ साली 'नेचर'मध्ये एक लहानसा निबंध लिहून सर्व काही सुटसुटीत केले. युक्ती अशी की, घड्याळातील वेळेऐवजी प्रकाशकिरण ताऱ्यापासून निघाल्याची वेळ मोजावी. तसे केले म्हणजे श्वार्झशिल्डच्या सूत्रात स्थिर वस्तुमानाच्या जागी त्या वेळेनुसार बदलणारे वस्तुमान लिहिले की काम भागते. फळ्यावर एका ओळीत मावेल असे हे रूप आहे, आणि ते वल्लभ विद्यानगरच्या वर्गातून आले.

त्या सूत्राची गरज जगाला भासण्यास मात्र आणखी दहा वर्षे लागली. १९६३ साली क्वासार या प्रचंड तेजस्वी ज्योतींचे अंतर उमगले, त्यांच्या शक्तीचा उगम गुरुत्वीय अवपातात असावा अशी कल्पना पुढे आली, आणि तेज फेकीत आकुंचन पावणाऱ्या वस्तूचे क्षेत्र हवे झाले. ते तर एका भारतीय अध्यापकाने वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेविले होते. १९६५ साली लिंडक्विस्ट, श्वार्ट्झ व मिस्नर या अमेरिकन संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच वैद्यांचे नाव घातले.

येथे आमच्या समाजाच्या एका खोडीविषयी बोलावयाचे आहे. बुद्धिमान गणिती दिसला की, आपण त्याला गणितापासून दूर अशा मानाच्या खुर्चीवर नेऊन बसवितो. नारळीकर १९६० साली राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. नंतर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनावर येऊन ते पुन्हा आपल्या विषयाकडे वळले. शिष्याच्या वाट्यालाही नेमके तेच आले. वैद्य १९७१ साली गुजरात लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, मग १९७७ पर्यंत संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य, आणि १९७८ ते १९८० गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू. गुरुशिष्यांच्या चरित्रांतील हे साम्य योगायोगाचे नव्हे. याउलट देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ शाळामास्तरच राहिले. ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधूनही कोणी त्यांना खुर्ची दिली नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये बारा वर्षे शिकवून टाटा संस्थेत गेले आणि १९६२ साली तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. एकास पद जड झाले, दुसऱ्यास पदाचा अभाव. काम आणि उपजीविका यांची सांधेजोड यांपैकी कोणालाही सुखाने साधली नाही, आणि आपल्या चरित्रग्रंथांत तर या सांधेजोडीचा हिशेब मांडलेलाच नसतो. पदवी, पदक, पद अशा तीन पायऱ्यांवर चरित्रनायक चढतो आणि ग्रंथ संपतो. बनारसचे ते दहा महिने कशावर भागले, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

वैद्यांनी स्वतः मात्र वर्ग कधी सोडला नाही. खादीचे कपडे, डोक्यावर गांधी टोपी आणि अहमदाबादच्या रस्त्यांवर सायकल, ही त्यांची मूर्ती गुजरातेत सर्वपरिचित होती. १९६३ साली गुजरात गणित मंडळ स्थापन झाले त्यात त्यांचा पुढाकार होता. मंडळाच्या 'सुगणितम्' या गुजराती नियतकालिकातून शाळेतील मुलांपर्यंत गणित मातृभाषेत जात राहिले. दुर्गाराम मेहताजी मुंबईहून भाषांतराची पोथी घेऊन निघाले होते. येथे भाषांतराची गरज उरली नव्हती. आपल्या आठवणींच्या पुस्तकालाही वैद्यांनी 'चॉक अने डस्टर' असे नाव दिले.

१९९९ साली 'जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने जुन्या अभिजात निबंधांच्या मालेत त्यांचा १९४३ चा लेख पुन्हा छापला. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. १२ मार्च २०१० रोजी अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले.