ऋण काढून सण नको

सज्जनहो, कयाधूकाठच्या नर्सीहून दिंडीत पंढरीला चालताना आपण किती थोडक्यात राहतो! गळ्यात तुळशीमाळ, पडशीत दोन कपडे, पंगतीत मिळेल ती पिठलं-भाकरी. मग घरी परतल्यावर लग्नाबारशाच्या थाटासाठी सावकाराच्या कागदावर अंगठा का उठवावा?

हा प्रश्न गाडगेबाबांनी आधी स्वतःच्या घरी सोडवला. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या डेबूजींचे वडील दारूपायी गेले. पोर दापुऱ्यास मामांकडे वाढले. तेथे मामा सावकाराच्या कर्जात सापडलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांच्या मुलीचे बारसे आले. रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना दारू-मटणाचे जेवण हवे होते. डेबूजींनी गोडाचे साधे जेवण वाढले. लोक रुसले, ते ढळले नाहीत. १९०५ साली घर सोडल्यावर १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी कीर्तनात हेच सांगितले, की कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा.

पाऊस हुकला, घरात आजारपण आले, तर होणारे कर्ज आपल्या हातात नसते. पंगतीने वाढवलेले मात्र असते. म्हणून यंदा हळदीचे पैसे हाती आले की आधी जुने देणे फेडा, मग मुलांची फी भरा. उरले तर जेवणावळ. चार लोक नावे ठेवतील. ठेवू द्या. बारशाच्या दिवशी डेबूजींनाही ठेवलीच होती.

रामकृष्ण हरी!