कंपवात : सर्पगंधेपासून पेशीतील कचऱ्यापर्यंत



घरातील एखाद्या बुजुर्गांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतानाच थरथरू लागतो, चाल मंदावते. आपण "म्हातारपण आले" म्हणून मोकळे होतो. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीवर पुस्तिका लिहिली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले.

पुढची हकिकत मात्र आपल्याच मुलखातून जाते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळ्यांतून काही द्रव्ये वेगळी काढली. त्यांतील एकाला, १९२७ मध्ये पैगंबरवासी झालेल्या हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ, 'अजमलिन' हे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये हीच मुळी रक्तदाबावर गुणकारी असल्याचे इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन निघाले.

पण रिसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांना कंपवातासारखीच थरथर व ताठरता जाणवू लागली. औषधाचा हा दोषच पुढे सुगावा ठरला! १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना 'डोपा' टोचले, तेव्हा ससे उठून हिंडू लागले. रिसर्पिनने मेंदूतील डोपामिन संपविले होते, ते डोपाने भरून आले. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतही डोपामिनचा तुटवडाच आढळला. लेव्होडोपा हे आजचे मुख्य औषध त्यातूनच आले. (आपल्या खाजकुइलीच्या बियांतही हे द्रव्य असते, पण म्हणून बिया कुटून घरच्या घरी कोणाला देऊ नका.)

औषधाने तूट भरते, तरी डोपामिन करणाऱ्या पेशी मरतच राहतात. त्या का मरतात? जर्मनीच्या डॉ. लेवी यांना १९१२ मध्येच रोग्यांच्या मेंदूपेशींत गोळे दिसले होते. ते 'अल्फा-सायन्युक्लीन' या प्रथिनाचे आहेत, हे कळायला १९९७ साल उजाडले.

आपल्या गोंदियाच्या राईस मिलमध्ये तांदळाबरोबर कोंडाही निघतो. तो वेळेवर उचलला नाही, तर काम अडते. पेशीतही रोज प्रथिने घडतात, त्यांतील काहींची घडी चुकते. अशा प्रथिनांवर 'युबिक्विटिन'ची खूण लागते आणि पेशी त्यांचे तुकडे करून टाकते. या शोधाला २००४ चे नोबेल मिळाले. तरुण वयात कंपवात जडलेल्या जपानी कुटुंबांत १९९८ मध्ये 'पार्किन' हे जनुक बिघडलेले सापडले. त्याचे प्रथिन ही खूण लावण्याचेच काम करते! ही अडलेली सफाई पुन्हा सुरू करून रोग थांबविणारे औषध मात्र अजून कोणाच्या हाती लागलेले नाही.