मोटार इंजिनातील शीतक गळती

मोटार इंजिनाच्या शीतकरण प्रणालीतील शीतक द्रव बाहेर सांडणे किंवा इंजिनाच्या अन्य भागांत शिरणे, यास शीतक गळती असे म्हणतात. हा द्रव व्यवहारात कूलंट या नावाने ओळखला जातो. शीतकरण प्रणाली बंदिस्त असल्यामुळे सामान्य वापरात द्रवाची पातळी फारशी घटत नाही. तो वारंवार भरावा लागत असेल, तर गळती आहे असे समजले जाते. गळतीचे ठिकाण बहुधा सहजासहजी दिसत नाही. त्यामुळे ते शोधण्यासाठी साध्या निरीक्षणापासून सुरुवात करून क्रमाक्रमाने चाचण्या केल्या जातात.

शीतकरण प्रणाली व दाब

शीतक द्रव हे सामान्यतः एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे मिश्रण असते. त्यात गंजरोधक रसायने मिसळलेली असतात. वॉटर पंप हा द्रव इंजिनातील पोकळ मार्ग, रेडिएटर आणि केबिनमधील हीटर यांतून फिरवतो. प्रणालीचे झाकण आतील दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारने अधिक राखते. ग्लायकॉल व पाणी यांचे समप्रमाणातील मिश्रण वातावरणीय दाबाला सुमारे १०७° सेल्सिअसला उकळते, तर या वाढीव दाबामुळे त्याचा उत्कलनबिंदू १२५° सेल्सिअसच्या पुढे जातो.

म्हणूनच लहानशी गळतीही दुहेरी हानी करते. द्रव कमी होतोच, शिवाय दाब टिकत नसल्याने उरलेला द्रव कमी तापमानाला उकळू लागतो. इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि हेड गॅस्केट निकामी होते. पातळी फार खाली गेल्यास तापमान संवेदक द्रवाबाहेर उघडा पडतो व काटा खरे तापमान दाखवत नाही. त्यामुळे काटा सामान्य स्थितीत आहे, एवढ्यावरून इंजिन सुरक्षित आहे असे मानता येत नाही.

बाह्य गळती

रबरी नळ्या व त्यांचे क्लॅम्प, रेडिएटरचे प्लॅस्टिकचे टोप व ॲल्युमिनियमचा गाभा यांमधील जोड, थर्मोस्टॅटचे आवरण, वॉटर पंप आणि शीतकाची टाकी ही बाह्य गळतीची नेहमीची ठिकाणे होत. वॉटर पंपाला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. आतील सील झिजल्यावर द्रव या छिद्रातून बाहेर येतो. गरम भागावर गळलेला द्रव वाळून पांढरट किंवा शीतकाच्या रंगाचा थर मागे राहतो. त्यामुळे जमीन कोरडी असली तरी अशा डागांवरून माग काढता येतो. हीटरचा गाभा गळत असल्यास केबिनमध्ये गोडसर वास येतो, पुढील काचेवर आतून चिकट धुके साचते आणि पायाखालील गालिचा ओला होतो.

अंतर्गत गळती

हेड गॅस्केट फाटल्यास किंवा सिलिंडर हेडला तडा गेल्यास द्रव ज्वलनकक्षात अथवा इंजिन ऑइलमध्ये शिरतो. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, दुधाळ झालेले ऑइल, टाकीत येणारे बुडबुडे आणि इंजिन सुरू करताच कडक होणाऱ्या नळ्या ही त्याची लक्षणे आहेत. काही डिझेल इंजिनांत निष्कास वायू थंड करणाऱ्या ईजीआर कूलरमधूनही द्रव गळतो व बाहेर कोणताही माग न ठेवता जळून जातो.

शोधाच्या पद्धती

* निरीक्षण : इंजिन थंड असताना पातळीची नोंद केली जाते आणि विजेरीच्या प्रकाशात सर्व जोड तपासले जातात. आकुंचनामुळे काही जोड केवळ थंड असतानाच गळतात, म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीची पाहणी उपयुक्त ठरते.
* दाबचाचणी : टाकीच्या किंवा रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर नमूद केलेल्या दाबाइतका दाब दिला जातो. काटा खाली आला व बाहेर ओल दिसली, तर गळती बाह्य असते. काटा खाली येऊनही ओल न दिसल्यास हीटर किंवा इंजिनाचा अंतर्भाग यांचा संशय घेतला जातो. झाकणाची चाचणी स्वतंत्रपणे केली जाते.
* रंजक द्रव्य : शीतकात चमकणारे रंजक मिसळून गाडी काही काळ चालवली जाते. नंतर अतिनील दिव्याच्या प्रकाशात गळतीची जागा उजळून दिसते.
* ज्वलनवायू चाचणी : टाकीतील हवा निळ्या रासायनिक द्रावणातून खेचली जाते. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असल्यास द्रावण पिवळे पडते. ज्वलनकक्षातील वायू शीतकात येत असल्याचे त्यावरून कळते.
* सिलिंडर तपासणी : पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढून पाहिले जातात. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते, त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो.

दिशाभूल करणारी चिन्हे

वातानुकूलन यंत्रणा चालू असताना गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ, गंधहीन पाणी ही गळती नसते. थंड हवेत सुरुवातीला दिसणारा पांढरा धूर हा बहुधा साचलेल्या बाष्पाचा असतो. वारंवार लहान फेऱ्या केल्यास ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर जमू शकतो. तेवढ्यावरून हेड गॅस्केट बिघडल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरीकडे, झाकणाची स्प्रिंग कमकुवत झाल्यास कोठेही छिद्र नसताना द्रव कमी होत राहतो.

सुरक्षितता व दुरुस्ती

गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास दाब एकाएकी कमी होऊन द्रव उसळतो व गंभीर भाजण्याचा धोका असतो. विद्युत पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून त्याची चव गोड असते. ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुत्री, मांजरे व लहान मुले यांना त्याचा विशेष धोका असतो. म्हणून सांडलेला द्रव त्वरित पुसला जातो आणि काढलेला द्रव बंद डब्यात साठवला जातो.

गळती बुजवणारी तयार द्रव्ये बाजारात मिळतात. परंतु ती तात्पुरता उपाय ठरतात आणि हीटर किंवा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडथळा निर्माण करू शकतात. सदोष भाग बदलणे हा कायमचा उपाय होय. दुरुस्तीनंतर प्रणालीतील हवा काढून टाकणे व दाबचाचणी पुन्हा करणे आवश्यक असते.