दान आणि दक्षिणा

हल्लीं आमच्याकडील कोणत्याहि शहरांत सायंकाळीं फेरफटका केला, तर एखाद्या शाळेच्या पटांगणांत पांढरा पोशाख आणि रंगीत कमरपट्टा घातलेलीं मुलें कराट्याचे हात करतांना दिसतात. कांहीं महिन्यांनीं परीक्षा होते, आईबाप फी भरतात, पट्ट्याचा रंग बदलतो आणि एक छापील प्रमाणपत्र चौकटींत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर जातें. मुलाला आनंद होतो, आईबापांस अभिमान वाटतो. यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु त्या कागदाकडे पाहतांना एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. या मुलास विद्या आली, असें जो सही करून सांगतो, त्यास तो अधिकार कोणीं दिला? आणि त्या देणाऱ्यास कोणीं? ही सांखळी मागें ओढीत गेल्यास ती कोठें जाऊन थांबते? प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या मागें जपानांतील तीनशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास जितका पराक्रमाचा आहे, तितकाच पैशाचा व राजकारणाचाहि आहे.

जपानी भाषेंत या विद्येंतील श्रेणीस ‘दान’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ पायरी. आपल्या दानधर्माशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. तथापि मराठी वाचकाच्या कानाला दान म्हटलें कीं दक्षिणा आठवते, आणि हा केवळ ध्वनीचा योगायोग या विषयाला फारच चपखल बसतो. कारण जपानी दानाच्या पाठीमागें दक्षिणेचा प्रश्न पहिल्यापासून लागलेला आहे.

१६१५ मध्यें ओसाकाचा किल्ला पडला आणि तोकुगावा घराण्याची सत्ता निष्कंटक झाली. त्यानंतर सुमारें अडीच शतकें जपानांत बहुतेक शांतता नांदली. सामुराईच्या कमरेला तरवार होती, पण ती उपसण्याचा प्रसंग क्वचितच येई. जोंवर रणांगण होतें, तोंवर कोण निष्णात आणि कोण नवशिका, हें सांगण्यास कागदाची जरूर नव्हती; जो जिवंत परत आला, त्याचें परत येणें हेंच त्याचें प्रमाणपत्र होतें. रणांगण गेलें, विद्या मात्र राहिली, आणि तिची पारख कशी करावी हा प्रश्न उभा राहिला. तेव्हां तरवारीच्या निरनिराळ्या संप्रदायांनीं शिष्यांस लेखी सनदा देण्याची पद्धत बळकट केली. आरंभीं एक सुटा कागद, मग डावांच्या नांवांची यादी असलेली गुंडाळी, त्यानंतर शिकविण्याचा परवाना, आणि शेवटीं सर्व रहस्यें दिल्याची ग्वाही, अशा या पायऱ्या असत. शिष्यानें गुप्ततेची शपथ वाहावी, प्रत्येक पायरीला गुरूस द्रव्य व भेटी अर्पण कराव्या, असा शिरस्ता पडला. आमच्याकडील गुरुदक्षिणेहून यांत एक फरक आहे. गुरुदक्षिणा विद्या संपल्यावर एकदांच द्यावयाची. येथें प्रत्येक उंबरठ्यावर द्यावयाची होती. साहजिकच उंबरठे वाढविण्यांत गुरूचा फायदा होता.

हा दोष त्या काळच्या लोकांस दिसत नव्हता असें मात्र नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोक्योंत, चिबा शूसाकु या नांवाचे विख्यात तरवारबहाद्दर होऊन गेले. ते ज्या इत्तो संप्रदायांत शिकले, त्यांत सनदेच्या आठ पायऱ्या होत्या. चिबांनीं आपला स्वतंत्र पंथ स्थापला, तेव्हां आठांच्या तीनच पायऱ्या ठेवल्या. पायऱ्या कमी म्हणजे खर्च कमी. खर्च कमी म्हणजे गरीब सामुराईच्या मुलासहि दार मोकळें. त्यांच्या आखाड्यांत विद्यार्थ्यांची रीघ लागली, यांत नवल नाहीं. शिकविण्याची सुगम पद्धत हेंहि त्याचें कारण होतें. परंतु सनदेच्या किंमतीला हात घालणारा गुरु विरळा, आणि लोकांनीं त्याचें चीज केलें, हें विसरतां येत नाहीं.

१८६८ च्या राज्यक्रांतीनें हें सर्व जग उलथून टाकलें. संस्थानें गेलीं, वतनें गेलीं, आणि १८७६ मध्यें तरवार बाळगण्याचीहि मनाई झाली. ज्यांच्या सनदेवर दरबारीं नोकरी मिळे, त्यांच्या हातांत नुसता जुना कागद उरला. १८७३ मध्यें साकाकिबारा केंकिचि या नामांकित गुरूंनीं तोक्योंतील असाकुसा भागांत तिकीट लावून तरवारीच्या लढतींचे खेळ केले. प्रतिष्ठित लोकांनीं नाकें मुरडलीं; पण उपाशी शिष्यांना पोसण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढें कोणता होता? आम्हांस तर या तिकिटांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. प्रेक्षकानें पैसे दिले, खेळ पाहिला, हिशेब मिटला. त्या पैशानें कोणाची योग्यता वाढली, असा दावा कोणीं केला नाहीं.

याच पडत्या काळांत कानो जिगोरो पुढें आले. तोक्यो विश्वविद्यालयाचे ते पदवीधर. इंग्रजी उत्तम जाणणारे आणि पेशानें शिक्षक. १८८२ मध्यें एका बौद्ध मंदिराच्या बारा चटयांच्या जागेंत त्यांनीं कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूंतून जुदो ही नवी विद्या घडविली. १८८३ मध्यें त्यांस आपल्या वृद्ध गुरूंकडून कितो संप्रदायाची जुन्या धर्तीची सनद मिळाली. आणि त्याच वर्षीं त्यांनीं स्वतः तोमिता व साइगो या दोन शिष्यांस पहिलें ‘दान’ दिलें. एक युग संपून दुसरें सुरू झाल्याची ही खूण होय. दानाची कल्पना त्यांनीं ‘गो’ नांवाच्या पटावरील खेळांतून घेतली. त्या खेळांत सतराव्या शतकापासून खेळाडूंच्या श्रेणी ठरत असत. कानोंच्या मनांतील हेतु शिक्षकाचा होता. जुन्या सनदा फार वर्षांच्या अंतरानें मिळत. तरुणांस उमेद राहावी म्हणून जवळजवळच्या पायऱ्या हव्यात, असें त्यांस वाटलें. शिवाय १८८४ पासून त्यांनीं तांबडा व पांढरा असे दोन तट पाडून सामने सुरू केले. त्यांत जो एकामागून एक प्रतिस्पर्धी लोळवील, त्यास तेथल्या तेथें बढती मिळे. सहीच्या पाठीशीं पुन्हां एकवार आखाडा उभा राहिला, ही या सुधारणेंतील खरी थोरवी. आरंभींच्या दिवसांत तर संस्थेच्या खर्चाचा भार बव्हंशीं कानोंच्याच पगारावर व भाषांतराच्या मिळकतीवर होता. त्यांनीं स्वतःस कोणतेंहि दान घेतलें नाहीं. सांखळीचें टोंक कोठें तरी असावयाचेंच. तें येथें होतें, आणि तें एका माणसाच्या सचोटीवर टांगलेलें होतें.

परंतु सचोटीचा वारसा देतां येत नाहीं. अधिकाराचा मात्र देतां येतो. १८९५ मध्यें क्योतो येथें ‘दाइ निप्पोन बुतोकु काइ’ म्हणजे युद्धविद्येच्या उत्कर्षाची राष्ट्रीय संस्था निघाली. राजघराण्यांतील पुरुष तिच्या अध्यक्षस्थानीं, प्रांताधिकारी तिच्या शाखांचे प्रमुख, आणि सभासद लक्षावधि. १९०२ पासून ती तरवारबहाद्दरांस मोठ्या पदव्या देऊं लागली. पुढें केंदोसहि दानाची पद्धत लागू झाली. जुदोचीं दानें तोक्योंत कोदोकान देई आणि क्योतोंत बुतोकु काइ देई. एकाच विद्येच्या दोन टांकसाळी झाल्या, आणि कोणतें नाणें खरें हा वाद ओघानेंच आला. आतां प्रश्न केवळ दक्षिणेचा राहिला नाहीं. ज्याच्या हातीं शिक्का, त्याच्या हातीं शाळांतील शिक्षकांच्या नेमणुका आणि पोलिसांतील उस्तादांचा मान, असा मामला झाला.

या शिक्क्याची ताकद किती होती, हें कराट्याच्या उदाहरणावरून दिसतें. ओकिनावा बेटांतील या विद्येंत दान नव्हतें, पट्टा नव्हता, ठराविक पोशाखहि नव्हता. १९२२ मध्यें फुनाकोशी गिचिन हे शाळाशिक्षक तोक्योस आले. कानोंनीं त्यांचें अगत्यपूर्वक स्वागत केलें. १९२४ मध्यें फुनाकोशींनीं कानोंचीच रीत उचलून आपल्या शिष्यांस पहिलीं दानें दिलीं. देणाऱ्यापाशीं स्वतःचें असें दान नव्हतें, कारण त्यांस तें देणाराच कोणी नव्हता! १९३३ मध्यें बुतोकु काइनें कराट्यास आपल्या पंक्तींत घेतलें. परंतु पंक्तीचा आचार पाळावा लागला. पोशाख आला, श्रेणी आल्या, आणि ज्या अक्षरांचा अर्थ ‘चिनी हात’ असा होता, तीं टाकून त्याच उच्चाराचीं ‘रिकामा हात’ अशा अर्थाचीं अक्षरें रूढ झालीं. चीनविषयींच्या वाढत्या द्वेषाच्या त्या दशकांत हा बदल केवळ भाषाशुद्धीचा होता, असें कोण म्हणेल?

१९४२ मध्यें बुतोकु काइ सरळ सरकारच्या ताब्यांत गेली आणि पंतप्रधान तोजो तिचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्यें, पराभवानंतर, अमेरिकन अंमलाखालीं ती मोडली. टांकसाळ बंद पडली. पण नाण्याची मागणी बंद पडली नाहीं. उलट विजेत्यांचे सैनिकच ही विद्या शिकून आपापल्या देशीं नेऊं लागले. युरोपांत रंगीत पट्ट्यांची पद्धत आधींच मूळ धरीत होती. पॅरिसमध्यें कावाईशी यांच्या शिकवणीनें तिचा बराच प्रसार झाला. प्रत्येक रंग एक परीक्षा, आणि प्रत्येक परीक्षा एक शुल्क. चिबांनीं तोडलेल्या पायऱ्या शंभर वर्षांनीं दुप्पट होऊन परत आल्या.

त्यानंतरचा कराट्याचा इतिहास म्हणजे वाटण्यांचा इतिहास आहे. १९५७ मध्यें फुनाकोशी वारले, तेव्हां त्यांचे अंत्यविधि कोणीं करावे येथपर्यंत शिष्यांत तेढ आली. १९८७ मध्यें जपान कराटे असोसिएशनचे प्रमुख शिक्षक नाकायामा वारल्यावर संस्था दुभंगली आणि कोर्टकचेरी १९९९ पर्यंत चालली. १९९४ मध्यें क्योकुशिन पंथाचे संस्थापक ओयामा वारले. त्यांच्याहि पंथाचीं शकलें झालीं. या भांडणांत शिकविण्याच्या पद्धतीचा वाद क्वचितच असे. वाद असे तो नांवाचा व वारशाचा, म्हणजेच शेवटीं सहीचा. कारण जगभर पसरलेल्या शाखांचीं दानें ज्या सहीनें पक्कीं होतात, ती सही हीच खरी मिळकत होय.

याहून उद्बोधक प्रकार २०१८ च्या ऑगस्टमध्यें उघडकीस आला. जपानच्या अखिल राष्ट्रीय केंदो संघाच्या देखरेखीखालीं इआइदो ही म्यानांतून तरवार उपसण्याची विद्या येते. तिच्या वरिष्ठ परीक्षांत उमेदवारांनीं परीक्षकांस पैसे देण्याची चाल वर्षानुवर्षें चालू होती, असें निष्पन्न झालें. आठव्या दानासाठीं एका उमेदवाराकडे साठ लाखांहून अधिक येन मागण्यांत आल्याची तक्रार सरकारी आयोगापर्यंत गेली होती. आतां इआइदोचें स्वरूप लक्षांत घ्यावें. तींत समोर प्रतिस्पर्धी नसतो. उमेदवार एकटाच कल्पित शत्रूवर तरवार चालवितो आणि परीक्षक पाहतात. पडणें नाहीं, पाडणें नाहीं. जें कांहीं आहे तें परीक्षकाच्या नजरेंत. जेथें आखाडा बोलत नाहीं, तेथें सहीच बोलते. आणि जेथें सहीच बोलते, तेथें तिला भाव येतो. आमच्या मतें या साऱ्या इतिहासाचें सूत्र एवढेंच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आखाडा तरी कोठें निर्मळ आहे? सुमो कुस्तींत श्रेणी जयापजयावरच ठरते. तरीहि २०११ मध्यें तेथें ठरवून केलेल्या कुस्त्यांचा बोभाटा झाला आणि ओसाकाचा वार्षिक दंगल रद्द करावा लागला. आक्षेप खरा आहे. परंतु आखाड्यांत लबाडी करावयाची तर दोघांस मिळून पडण्याचें सोंग आणावें लागतें, आणि तें हजारों डोळ्यांदेखत. बंद खोलींतील सहीला इतकेहि कष्ट नाहींत.

मग दक्षिणा घेऊंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. गुरूलाहि पोट आहे, आखाड्याला भाडें आहे. आम्ही स्वतः जन्मभर परीक्षा घेत आलों आणि तिचा मेहनताना खिशांत घालीत आलों. तेव्हां दुसऱ्याच्या दक्षिणेवर तोंडसुख घेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. भेद आहे तो निराळाच. जें शुल्क आधीं जाहीर असतें, सर्वांस सारखें असतें आणि अनुत्तीर्णासहि द्यावें लागतें, तें श्रमाचें मोल होय. जें गुपचुप मागितलें जातें, माणूस पाहून वाढतें आणि निकालाला बांधलेलें असतें, तें निकालाचें मोल होय. पहिल्यानें विद्या जगते, दुसऱ्यानें ती विकली जाते. चिबांनीं पायऱ्या कमी केल्या, कानोंनीं सहीमागें सामना उभा केला. दोघांनींहि आपापल्या परीनें ही दुसरी वाट बंद करण्याचाच यत्न केला. ती पुन्हां पुन्हां उघडली, हा त्यांचा दोष नव्हे.

आणि ज्यांच्या दिवाणखान्यांत तें प्रमाणपत्र टांगलेलें आहे, त्या आईबापांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, कागद जरूर टांगावा. मात्र मधून मधून पटांगणावर जाऊन मुलगा पडल्यावर कसा उठतो, तेंहि पाहावें. त्या उठण्यावर कोणाचीहि सही नसते, आणि त्याला कोणी फी आकारीत नाहीं.